कंपनी बंद, चिप लॉक: जुना अ‍ॅक्सिलरेटर बोर्ड पुन्हा जिवंत कसा करतात?

सालवडच्या रस्त्याने सकाळी तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या कुठल्याही मेंटेनन्सवाल्याला विचारा, सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची? मोटार जळाली तर रिवाइंडिंग होतं, बेअरिंग गेलं तर नवीन मिळतं. पण बोर्ड गेला आणि तो बनवणारी कंपनीच बंद झालेली असेल, तर मशीन उभंच राहतं.

जुने कॉम्प्युटर जपणाऱ्या लोकांची अडचण अगदी हीच आहे. त्यांनी शोधलेले उपाय मशीनच्या जुन्या कंट्रोल बोर्डालाही लागू पडतात. म्हणून विषय नीट समजून घेऊ.

अ‍ॅक्सिलरेटर बोर्ड म्हणजे काय?

१९८७ साली कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० हा कॉम्प्युटर आला. त्यातला मोटोरोला ६८००० प्रोसेसर साधारण ७ मेगाहर्ट्झवर चालायचा. काही वर्षांत तो कमी पडायला लागला. पण अख्खा कॉम्प्युटर बदलणं परवडत नव्हतं, म्हणून जास्त वेगवान प्रोसेसर आणि वेगळी मेमरी असलेला बोर्ड आत बसवायची पद्धत आली. हाच अ‍ॅक्सिलरेटर. कमोडोरचाच ए२६३० हा बोर्ड ६८०३० प्रोसेसर २५ मेगाहर्ट्झवर चालवायचा.

ही कल्पना आपल्याकडेही वापरली गेली. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर आणला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिप्सवर चालायचा. पुढच्या परम ८६०० मध्ये गणितं वेगात व्हावीत म्हणून इंटेलचा आय८६० प्रोसेसर जोडीला दिला गेला.

मग लॉक कशाला असतं?

नवीन प्रोसेसर आणि जुना मदरबोर्ड यांचा वेग वेगळा असतो. कोणी कधी थांबायचं, मेमरी कधी वाचायची, हे ठरवायला मध्ये एक ट्रॅफिक पोलीस लागतो. हे काम पॅल किंवा गॅल नावाच्या छोट्या लॉजिक चिप करतात.

पॅल १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज कंपनीने आणली. तिच्या आतले बारीक फ्यूज जाळून लॉजिक लिहायचं, म्हणजे एकदा लिहिलं की कायमचं. १९८५ मध्ये लॅटिस कंपनीने गॅल आणली, ती पुसून पुन्हा लिहिता येते. गॅल १६व्ही८ म्हणजे जास्तीत जास्त १६ इनपुट, ८ आउटपुट. गॅल २२व्ही१० म्हणजे २२ आणि १०.

या चिपमध्ये एक सिक्युरिटी बिट असतो. कंपनीने तो लावला की चिप आपलं काम करत राहते, पण आत काय लिहिलंय ते प्रोग्रॅमरवर वाचता येत नाही. गॅलमधला हा बिट काढायचा तर अख्खी चिप पुसावी लागते, म्हणजे कुलपासोबत आतला ऐवजही जातो. त्या काळी प्रतिस्पर्ध्यांनी कॉपी करू नये म्हणून ही सोय होती. पण कमोडोर १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली, बोर्ड बनवणाऱ्या इतर कित्येक कंपन्याही संपल्या. कुलूप राहिलं, किल्लीवाला गेला.

त्यात गॅलमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते. लॅटिसच्या डेटाशीटमध्ये ती टिकण्याची हमी २० वर्षांची आहे. १९९० च्या दशकातल्या चिपची ही मुदत कधीच उलटून गेली.

दुरुस्तीची सुरुवात कुठून?

थेट चिपला हात लावायचा नाही. जुन्या बोर्डात आधी गळणारे कपॅसिटर, गंजलेले सॉकेट आणि तुटलेले ट्रॅक तपासायचे. अमिगा २००० च्या मदरबोर्डवर तर निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली की आजूबाजूचं तांबं खाते. बऱ्याचदा दोष इथेच सापडतो.

मग प्रत्येक लॉजिक चिप प्रोग्रॅमरवर वाचायची. सिक्युरिटी बिट लावलेला नसेल तर जेडेक फाइल मिळते, ती लगेच जपून ठेवायची. चिप चालू असतानाच हे करायचं. मेल्यावर बॅकअप निघत नाही.

लॉक असेल तर?

कुलूप फोडायची गरज नसते. चिपलाच प्रश्न विचारायचे.

लॉजिक साधं असेल, म्हणजे आउटपुट फक्त त्या क्षणीच्या इनपुटवर ठरत असेल, तर इनपुटच्या सगळ्या जोड्या देऊन उत्तरं लिहून घ्यायची. १६ इनपुटच्या ६५,५३६ जोड्या होतात. एखाद्या मायक्रोकंट्रोलरला हे फार वेळाचं काम नाही. २२ इनपुटला हा आकडा सुमारे ४२ लाखांवर जातो, तरी तोही आवाक्यात आहे. आउटपुट ‘बंद’ अवस्थेत आहे का, हे कळायला पिन रेझिस्टरने एकदा वर आणि एकदा खाली ओढून बघतात. मग सॉफ्टवेअर त्या तक्त्यावरून छोटी समीकरणं काढतं.

अवघड चिप असते फ्लिप-फ्लॉपवाली. तिला मागचं लक्षात राहतं, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला तरी उत्तर वेगळं येऊ शकतं. तिथे चालू बोर्डावर लॉजिक अ‍ॅनलायझर लावून सिग्नल बघावे लागतात, सर्किटचा नकाशा काढावा लागतो आणि प्रोसेसरच्या डेटाशीटशी ताळा करावा लागतो.

समीकरणं तयार झाली की ती नव्या चिपवर लिहायची. लॅटिसने गॅल बनवणं थांबवलंय, पण एटीएफ१६व्ही८ आणि एटीएफ२२व्ही१० या चिप त्या जागी बसतात. मूळ चिप मात्र पुसायची नाही, फेकायचीही नाही. नवी चुकली तर तुलनेला तीच लागते.

अपग्रेड करताना काय चुकतं?

क्रिस्टल बदलला की वेग वाढला, असं होत नाही. २५ मेगाहर्ट्झला एक चक्र ४० नॅनोसेकंदांचं असतं, ५० ला फक्त २० चं. चिपवर ‘-१५’ लिहिलं असेल तर १५ नॅनोसेकंद तीच खाते, बाकीच्यांना उरतात ५. म्हणून जास्त वेगवान चिप लागते, मेमरीसाठी थांबण्याची चक्रंही नव्याने लिहावी लागतात. याचा अर्थ, लॉजिक हातात नसेल तर अपग्रेडही अडतं.

हे कायदेशीर आहे का?

भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रॅमचं काम कसं चालतं याचा अभ्यास करायला काही अटींवर मुभा आहे. कलम ६५ए संरक्षण तोडण्याला गुन्हा मानतं, पण त्यामागे हक्कभंगाचा हेतू असेल तर. चिपच्या आराखड्यासाठी २००० चा वेगळा कायदा आहे. त्यात नोंदणीचं संरक्षण १० वर्षांचं आहे. थोडक्यात, स्वतःचा बोर्ड दुरुस्त करणं आणि शंभर कॉप्या काढून विकणं यात फरक आहे. धंदा करायचा असेल तर वकिलाला विचारा.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पण त्याचा उपयोग कंपनी अस्तित्वात असेल तर. कंपनीच उरली नसेल तर मॅन्युअल मागायचं कोणाकडे?

म्हणून तुमच्या घरात, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा कारखान्यात असा जुना बोर्ड अजून चालत असेल, तर एक काम आजच करा. त्याचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा, चिपवरचे नंबर लिहून ठेवा आणि जाणकाराकडून वाचता येतील त्या चिपचा बॅकअप काढून घ्या. बोर्ड बंद पडेल त्या दिवशी हेच कागद त्याचं मॅन्युअल असतील.