आधी कोणाला?

आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णांपैकी आधी कोणाला तपासायचे, हे ठरवण्याच्या पद्धतीला ‘ट्रायाज’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे; अर्थ निवडणे, प्रतवारी लावणे. पूर्वी तो लोकर आणि कॉफीच्या बियांसाठी वापरला जाई. रुग्णांना तो चिकटला युद्धामुळे.

अठराव्या शतकात युरोपातले जखमी सैनिक बहुधा लढाई थांबेपर्यंत रणातच पडून राहत. फ्रेंच शल्यचिकित्सक डॉमिनिक-ज्याँ लारे यांनी १७९०च्या दशकात घोड्यांच्या हलक्या गाड्या थेट तिथवर नेल्या. हुद्दा न पाहता, ज्याची जखम गंभीर त्याच्यावर आधी उपचार, हा त्यांचा दंडक. क्रिमियन युद्धात, १८५४-५५ मध्ये, सेवास्तोपोलला रशियन शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्ह यांनी उपचारकेंद्राच्या दारातच जखमींची वाटणी सुरू केली : तातडीची शस्त्रक्रिया हवी ते एकीकडे, उद्यापर्यंत थांबू शकतील ते दुसरीकडे, किरकोळ जखमी पट्टी बांधून परत पलटणीत. आशा नसलेले मात्र परिचारिका आणि धर्मगुरूंच्या हवाली. लष्कराला माणूस पुन्हा लढायला उभा करायचा असे, हे इथे विसरता येत नाही.

रुग्णालयांत ही पद्धत आली ती गर्दीमुळे. १९६०च्या दशकात अमेरिकेत साध्या दुखण्यांसाठीही लोक आपत्कालीन विभागात येऊ लागले आणि ‘जो आधी आला तो आधी’ हा नियम जिवावर बेतू लागला. मुरगळलेल्या पायाने ओरडणारा लक्ष वेधून घेतो. हृदयविकाराचा झटका आलेला मधुमेही म्हातारा कोपऱ्यात गप्प, घामाघूम बसलेला असतो. म्हणून नुसत्या अंदाजाऐवजी ठरावीक श्रेणी आल्या. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियाने देशभर पाच श्रेणी लागू केल्या. आज तिथे पहिलीला तत्काळ, दुसरीला १० मिनिटांत, पाचवीला दोन तासांत उपचार अपेक्षित असतात. मँचेस्टरने त्याच दशकात तक्रारीनुसार प्रश्नांचे तक्ते आखले.

डॉक्टर आणि साधने तोकडी असलेल्या ठिकाणी फार उपयोगाची ठरली ती केप टाऊनमध्ये २००४ पासून घडलेली पद्धत. परिचारिका श्वास मोजते, नाडी, रक्तदाब, ताप पाहते. रुग्ण शुद्धीवर आहे का, आणि चालत आला, धरून आणला की स्ट्रेचरवर, याचेही गुण मांडते. बेरजेवरून तातडी दाखवणारा रंग ठरतो.

भारतात आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता २००९ मध्ये मिळाली. अनेक मोठ्या रुग्णालयांत आता लाल, पिवळा, हिरवा असे विभाग दिसतात. हिरव्यातल्या रुग्णाची नाडी मात्र ठरावीक वेळाने पुन्हा पाहावी लागते. तासाभरात तो लालमध्ये गेलेला असू शकतो.