पहिली बंदूक घेताना: ठासणीची, बारा बोअर की ३१५?

भात पोटरीला आलं की खानापूर, चंदगड, सत्तरी या सगळ्या पट्ट्यात एकच बोलणं सुरू होतं, डुकरं उतरली. कळप एका रात्रीत शिवारातून फिरला की खाल्लेल्यापेक्षा तुडवलेलं जास्त असतं. मग पारावर कुणीतरी विचारतोच, "लायसन काढायचं म्हणतोय, कुठली बंदूक घेऊ?" उत्तरं देणारे भरपूर. बहुतेक जण सरळ रायफलवर उडी मारतात. कायदा मात्र दुसऱ्या टोकापासून सुरू होतो, आणि आपणही तिथूनच सुरू करू.

आधी एक गोष्ट स्पष्ट. शिकारीसाठी बंदूक हा विषय आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपला. ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या जुन्या वाड्यांत शिकारीच्या रायफली अजून असतील, पण त्या आता वारसा म्हणूनच. आज शेतकरी बंदूक मागतो ती पिकाच्या राखणीसाठी, आणि राखणीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. या दोन कागदांत गल्लत झाली की माणूस कोर्टात उभा राहतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचलं तर पिकाच्या राखणीसाठी पहिलं नाव येतं ठासणीच्या बंदुकीचं. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देता येते. स्वसंरक्षण किंवा खेळासाठी मागितली तर गुळगुळीत नळीची बंदूक थेट मागता येते, पण नळी २० इंचांपेक्षा आखूड चालत नाही. रायफलीसाठी सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणून अर्जात "रानटी जनावरांचा त्रास" एवढंच लिहून थांबू नका. ठासणीची का पुरत नाही ते लिहा. नुकसानीचे पंचनामे, वनखात्याकडे दिलेले अर्ज, जमिनीचा उतारा (कर्नाटकात आरटीसी, पलीकडे सातबारा) हे सगळं जोडा.

ठासणीची पुरत नाही याचं खरं कारण आपला पाऊस. काळी दारू ओल धरते, टोपी वाजते आणि बार उडतच नाही. एक बार झाला की पुन्हा दारू, गोळी ठासेपर्यंत कळप बांध ओलांडून जातो. तरीही नुसता आवाज करून हुसकवायचं असेल, आणि नव्वद टक्के राखण तीच असते, तर ठासणीची वाईट नाही. खर्च कमी, काडतुसांसाठी दुकानाच्या फेऱ्या नाहीत.

आता बोअर म्हणजे काय. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते: १२ बोअर साधारण १८.५ मिलिमीटर, २० बोअर साधारण १५.६. फक्त ४१० हा आकडा या हिशेबात बसत नाही, तो इंचाचा भाग आहे. पहिल्या बंदुकीला १२ सोडून दुसरीकडे जाऊ नये असं माझं मत. कारण साधं आहे. काडतूस जवळच्या दुकानात मिळालं पाहिजे. खडकीच्या कारखान्याची १२ बोअरची काडतुसं बहुतेक विक्रेत्यांकडे असतात. १६ किंवा २० बोअरची जुनी बंदूक स्वस्तात मिळते आणि मग तिच्या काडतुसांसाठी माणूस जिल्हे पालथे घालतो. मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला वस्तूच्या किमतीपेक्षा ती चालवायचा खर्च आधी दिसतो.

एकनळी की दुनळी? दुनळीत दुसरा बार हाताशी असतो, पण वजन आणि किंमत वाढते. रात्रभर माळ्यावर बसणाऱ्या एकट्या माणसाला एकनळी पुरते.

जुनी बंदूक घेत असाल तर इथे जरा थांबा, कारण धोका इथेच आहे. बऱ्याच जुन्या बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी कोरलेलं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण काडतुसाची लांबी ते उडाल्यावर तोंड उघडल्यानंतरची मोजतात. बसलं म्हणजे चालतं असं वाटतं. बार उडताना मात्र तोंड पुरतं उघडायला जागा मिळत नाही आणि आतला दाब वाढतो. नळीवरचे शिक्के कारागिराकडून वाचून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी. ती काळ्या दारूच्या जमान्यातली, आजची काडतुसं तिच्यात घालू नयेत. तशी आजोबांची बंदूक घरात असेल तर ती भिंतीवरच शोभते, आणि भिंतीवर ठेवायलाही परवाना लागतो. परवानाधारक वारला की वारसाने ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. "घरातलीच आहे" हे उत्तर चालत नाही.

मग ३१५ चं काय? ही आपल्या सरकारी कारखान्यांची रायफल. तिचं काडतूस मुळात ऑस्ट्रियन लष्कराचं ८ मिलिमीटर मॅनलिकर. इंग्रजांना लष्कराचं ३०३ लोकांच्या हाती नको होतं, म्हणून नागरिकांसाठी हा वेगळा आकडा आला. ३०३ आजही निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. ३१५ आणि ३०-०६ त्यात मोडत नाहीत, म्हणजे कायद्याने मिळू शकतात. पण मिळतं म्हणून घ्यावं का? छर्रे काही अंतरावर दम सोडतात, रायफलीची गोळी किलोमीटरच्या हिशेबात जाते. आपली शेती तुकड्या-तुकड्यांची. बांधापलीकडे दुसऱ्याचा माळा, त्यापलीकडे वस्ती. रात्री बॅटरीच्या उजेडात डुकरामागे काय आहे ते दिसत नाही. पहिली बंदूक म्हणून ३१५ मी तरी कुणाला सुचवणार नाही.

एअरगनबद्दलही लोक विचारतात. १७७ बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची असेल तर परवाना लागत नाही. पण तिने लाहोरी किंवा मोर पाडला तर तो वन्यजीव कायद्याचा गुन्हाच.

आता दुसरा कागद. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात असल्याशिवाय गोळी झाडायची नाही, आणि मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता, वाटून खायचं नाही. गवा अनुसूची १ मधला. तो माणसाच्या जिवावर उठला तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात, पिकाचं कारण त्याला लागूच नाही. गव्याला मारलं तर शिक्षा किमान ३ वर्षं कैद. शिवाय शस्त्र परवाना रद्द करून पुढची ५ वर्षं नवा मिळू नये असं कोर्ट सांगू शकतं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्भावनेने जनावर मेलं तर तो गुन्हा नाही, पण ते सिद्ध करणं आपल्यावर येतं.

सीमेवरच्या वाचकांनी एक रकाना दोनदा वाचावा, परवान्याच्या क्षेत्राचा. कर्नाटकापुरता परवाना असेल तर बंदूक घेऊन चंदगडच्या शिवारात किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात जाता येत नाही. मग तुमची अर्धी जमीन पलीकडे असो नाहीतर सासरवाडी. आपल्याला ओढा ओलांडला एवढंच वाटतं, कायद्याला तो विनापरवाना शस्त्राचा गुन्हा दिसतो. दोन्ही राज्यांत जमीन असेल तर अर्ज करतानाच दोन्ही उतारे जोडून क्षेत्र वाढवून मागा.

बाकी गोष्टी थोडक्यात. वय २१ पूर्ण हवं. अर्ज ऑनलाइन होतो, पोलीस अहवाल आणि सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ पासून एका माणसाला दोनच शस्त्रं आणि परवान्याची मुदत ५ वर्षं. लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणूक लागली की ठाण्यातून बंदूक जमा करायचा निरोप येतो, तो नेमका सुगीत आला तर राखण पुन्हा डबे बडवूनच. जमा करताना पावती घ्यायला विसरू नका, परत घेताना तीच मागतात.