'तेच' आणि 'तसेच'

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात गर्भगृहाकडे जाताना भिंतींवर बुद्धांच्या रांगाच रांगा रंगवलेल्या दिसतात. सहस्रबुद्ध म्हणून त्या ओळखल्या जातात. मुद्रा आणि वस्त्रे यांत थोडाफार फरक आहे, पण नजर लवकरच हरते. महाविद्यालयाच्या सहलीत एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यांतला नेमका एक दाखवायचा तर कसा दाखवायचा?" मी म्हणालो, "वरून तिसरी ओळ, डावीकडून सातवा." उत्तर देऊन झाल्यावर जाणवले की हे वर्णन बुद्धाचे नव्हेच, भिंतीवरच्या जागेचे आहे. भिंत हलत नाही, म्हणूनच ते चालते.

मराठीत आपण 'तेच' आणि 'तसेच' यांत भेद करतो. ग्रंथालयात एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतात. तिघींचा वर्गांक एक, दाखल क्रमांक निरनिराळे. वर्गांक आशयाकडे बोट दाखवतो, दाखल क्रमांक केवळ ओळख पटवतो. १९७०च्या दशकात पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या स्मॉलटॉक या संगणकभाषेत हाच भेद दोन चिन्हांनी नोंदवला जातो: एक बरोबरचिन्ह म्हणजे 'तसेच', जोडीने दोन म्हणजे 'तेच'. साहित्याच्या अध्यापकाने यात का डोकवावे, असे कोणी विचारील. पण २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या छोट्या शाळेतील मुलांच्या हाती 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचे संगणक आले, आणि त्या संगणकांवरचे ईटॉईज हे चित्रखेळाचे साधन स्क्वीक नावाच्या स्मॉलटॉकमध्येच लिहिलेले होते. भाषा सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन पोचली होती. तिच्या व्याकरणात डोकावण्याचा हक्क आम्हांलाही आहे.

अडचण अशी की संगणकाच्या स्मृतीतली भिंत हलते. नको असलेल्या वस्तू काढून उरलेल्या सरकवण्याचे काम व्हर्च्युअल मशीन सतत करत असते. त्यामुळे वस्तूचा पत्ता म्हणजे तिची ओळख, असे धरता येत नाही. १९८०च्या सुमाराच्या मूळ रचनेत यावर सरळ तोड होती. सर्व वस्तूंची एक मध्यवर्ती नोंदवही होती. वस्तू कोठेही हलली तरी वहीतला तिचा क्रमांक बदलत नसे. मात्र तेथे जेमतेम ३२,७६८ वस्तू मावत, आणि प्रत्येक वेळी वही उघडण्यात वेळ जाई. १९८४च्या आसपास बर्कलीत डेव्हिड उंगार यांनी ती वहीच काढून टाकली. वेग आला, पण स्थिर क्रमांक गेला.

मग प्रत्येक वस्तूच्या शीर्षात एक छोटा अंक कोरून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. १९९६ मध्ये अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या स्क्वीकने या अंकासाठी १२ बिट राखले. जागेची काटकसर होती ती. ३२ बिटांच्या शीर्षात वस्तूचा आकार, घडण, वर्ग हे सारेच कोंबायचे होते. बारा बिटांत फक्त ४,०९६ अंक होतात. एक लाख वस्तूंचा संग्रह केला की सरासरी चोवीस वस्तूंच्या कपाळी एकच अंक येतो. दहा लाखांचा केला तर जवळजवळ अडीचशे. असा संग्रह लागतो कधी? एखादे गुंतागुंतीचे चित्र तबकडीवर लिहून ठेवताना 'ही वस्तू आधी लिहिली का?' हे क्षणोक्षणी तपासावे लागते तेव्हा. कप्प्यात हात घालावा आणि शेकडो वस्तू एकेक उलटून पाहाव्यात, अशी अवस्था होई.

पहिला उपाय अंकाला गुणण्याचा. त्याने गर्दी सगळ्या कपाटभर पांगली, पण वेगळे अंक तेवढेच राहिले. फ्युएल या वस्तूलेखनाच्या साधनाने दुसरी युक्ती वापरली: ४,०९६ पेट्याच मांडायच्या, एका अंकाच्या वस्तू एका पेटीत ठेवायच्या आणि पेटी चाळण्याचे काम भाषेवर न सोपवता थेट व्हर्च्युअल मशीनच्या अंगभूत क्रियेकडे द्यायचे. मला ही युक्ती फार आवडते. अंक तोकडे आहेत हे मान्य करूनच ती पुढे जाते. मूळ दुखणे मात्र एलियट मिरांडा यांच्या 'स्पर' या नव्या स्मृतिरचनेने दूर केले. २०१५च्या स्क्वीक ५ पासून ती वापरात आली. तिच्यात ओळखअंकाला २२ बिट मिळाले, म्हणजे ४१ लाख ९४ हजार ३०४ निरनिराळे अंक. किंमतही होती: शीर्षाचा साचाच बदलल्याने जुन्या स्मृतिप्रतिमा रूपांतर केल्यावाचून नव्या यंत्रावर चालेनाशा झाल्या.

अजिंठ्यात हीच पाळी आली, तेव्हा निर्णय उलटा झाला. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर पूर्वेकडून पश्चिमेकडे १ ते २९ असे क्रमांक पडले. त्यांना काळाचा पत्ता नाही. ९ आणि १० ही लेणी ख्रिस्तपूर्व काळातली, तर १ आणि २ पाचव्या शतकातली, वाकाटक हरिषेणाच्या वेळची. पुढे पंधरा आणि सोळा यांच्यामध्ये आणखी एक लेणे ओळखले गेले. त्याला द्यायला अंक उरला नव्हता. पण सगळे क्रमांक नव्याने घातले असते तर तोवर छापलेला प्रत्येक ग्रंथ, प्रत्येक नकाशा चुकीचा ठरला असता. त्याला १५-अ म्हटले गेले, आणि शेजारचे सोळावे लेणे सोळावेच राहिले.