एकनळी

आमच्या घरात माजघराच्या दारावर तुळईला दोन सागवानी खुंट्या आहेत. आज त्यांच्यावर छत्री आणि माझी टोपी असते. माझ्या लहानपणी तिथे बंदूक असायची. गावात कुणी तिला नाव ठेवलं नव्हतं. सरकारी परवान्याच्या पुस्तकात मात्र तिचं नाव चार अक्षरी होतं: आजोबांच्या वेळी एस.बी.एम.एल., आबांच्या वेळी एस.बी.बी.एल. पहिली म्हणजे एका नळीची, तोंडाकडून भरायची. दुसरी म्हणजे एका नळीची, मागून भरायची. एका अक्षराचा फरक. पण त्या अक्षरासाठी आबांना तालुक्याला किती खेपा घालाव्या लागल्या, ते आमच्या आईला विचारायचं.

आजोबांची ठासणीची बंदूक माझ्यापेक्षा उंच होती. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग काथ्याची नाहीतर चिंधीची बोळी, मग छर्रे, वर पुन्हा बोळी, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. मागे निपलवर टोपी बसवायची, घोडा ओढायचा. एवढं करून भादव्याच्या रात्री दारू सर्दावली असेल तर घोडा नुसता टिचकन वाजायचा. बार झालाच तर धूर एवढा, की डुक्कर पडलं की पळालं हे धूर विरल्यावर कळायचं. दुसरा बार भरेपर्यंत डुकरांचा कळप पुढच्या कुणग्यात पोचलेला असे.

तरी आमच्यासारख्या घरात तीच असायची, आणि त्यालाही इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या काळात, 1878 साली, हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही असं त्याने हिंदी माणसाला बजावलं, गोऱ्या लोकांना मात्र त्यातून सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या ठरावांतही या कायद्याबद्दलची तक्रार आहे. स्वातंत्र्यानंतर 1959 साली नवा कायदा झाला, तो 1962पासून अमलात आला. त्यात शेतकऱ्यासाठी खास जागा ठेवली होती: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. त्याच कलमात पुढे एक खिडकी उघडी होती. ठासणीच्या बंदुकीने पिकाची राखण पुरेशी होत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल.

आबा त्या खिडकीतून आत शिरले. अर्जात त्यांनी लिहिलं, की ठासणी पावसात पेटत नाही आणि डुकरं मात्र पावसातही येतात. चौकशी झाली, पंचनामा झाला, खाल्लेल्या भाताचे कुणगे दाखवले. 1968च्या सुमारास काडतुसाची एकनळी घरात आली.

ती मुंगेरची होती. बिहारमधलं हे गाव बंदुकांसाठी जुनं प्रसिद्ध. बंगालचा नवाब मीर कासिम याने इंग्रजांपासून लांब जायचं म्हणून 1762च्या सुमारास आपली राजधानी मुर्शिदाबादहून तिथे हलवली आणि शस्त्रांचा कारखाना काढला. नवाब हरला, पण त्या गावच्या हातातली कारागिरी राहिली. नवाबाच्या लढाईसाठी सुरू झालेलं काम दोनशे वर्षांनी आमच्या भातशेतीच्या राखणीला आलं, याचं मला आजही नवल वाटतं.

दुनळी घेण्याची आमची ऐपत नव्हती. एकनळी स्वस्त, कारण तिच्यात बिघडण्यासारखं थोडंच असतं. खिट्टी दाबली की नळी बिजागरीवर खाली वाकते. मागून काडतूस घालायचं, नळी मिटायची, अंगठ्याने घोडा ओढायचा. पुन्हा वाकवली की रिकामं काडतूस वर उचललं जातं. तिला 12 बोअर का म्हणतात ते आबांनी मला शिशाच्या गोळीवरून शिकवलं. एक पौंड शिशाच्या 12 सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक बरोबर या नळीत बसते. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक.

नळीखालची लाकडी पट्टी काढली की सगळी बंदूक तीन तुकड्यांत सुटायची: नळी, दस्ता आणि पट्टी. आबा ते तुकडे गोणपाटात गुंडाळून काखेत मारत आणि मळ्यातल्या माळ्यावर चढत. काडतुसं तेव्हा कागदी वेष्टणाची, ओलीने फुगायची, मग नळीत शिरायची नाहीत. म्हणून ती चुलीच्या वरच्या फळीवर, पण आचेपासून लांब, डब्यात ठेवलेली असायची. पाखरांच्या थव्याला बारीक छर्रा, डुकराला एल.जी.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी पुतणीकडे अमेरिकेत गेलो, तेव्हा तिच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या घरी भिंतीवर हुबेहूब आमची एकनळी दिसली. तशीच खिट्टी, तसाच बाहेरचा घोडा. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची. या कंपनीचं मूळ 1871चं, मॅसॅच्युसेट्समधलं. तिथे शेतकऱ्याच्या पोराची पहिली बंदूक बहुधा अशीच एकबारी असायची. फरक एवढाच, की त्यांच्याकडे त्याच दस्त्याला दुसरी नळी बसवून मिळे. बंदूक कारखान्यात पाठवायची, की पाखरांसाठी छऱ्याची नळी आणि हरणासाठी रायफलची नळी त्या एकाच सांगाड्याला जुळवून परत येई. कमी पैशांत दोन बंदुका. 2015 साली तिचं उत्पादन थांबलं, असं तो म्हाताराही हळहळून सांगत होता. आपल्याकडे बंदुकीचा सुटा भागसुद्धा कायद्याच्या लेखी हत्यारच, त्यामुळे जादा नळीची गोष्टच नाही. त्यांनी नळी बदलली, आम्ही काडतूस बदलत राहिलो.

पण एका बाबतीत तो म्हातारा आणि आबा सारखेच बोलले. पहिली बंदूक एकबारीच हवी.

मी तेरा वर्षांचा असताना आबा मला पहिल्यांदा माळ्यावर घेऊन गेले. म्हणाले, "झिला, बार एकच हा. तो सुटलो की हातात नुसतां लाकूड रवतां. डुकर दिसलो तर बार. आवाजाक बार नाय."

मध्यरात्रीनंतर खालच्या कुणग्यात भात सळसळलं. काळं काहीतरी वाकून पुढे सरकत होतं. बंदूक माझ्या मांडीवर होती. मी घोडा ओढला. मला अजून शपथेवर सांगता येईल की मला डुक्करच दिसलं होतं. आबांनी काही न बोलता आपला तळवा घोड्यावर ठेवला आणि हाक मारली, "कोण आसा रे थय?"

"मी रे! पाडो सुटलो हा माझो, तो सोधतंय."

वरच्या वाडीतले तात्या होते. अंगावर काळी घोंगडी, बॅटरी विझलेली. आबांनी अंगठ्याने घोडा हलकेच उतरवला, नळी वाकवून काडतूस काढलं आणि खिशात घातलं. मला रागावले नाहीत. तात्यांना तर त्यांनी कधीच सांगितलं नाही. आज पेपरात डुक्कर समजून माणूस मेल्याची बातमी वाचली, की माझ्या अंगठ्याला तो घोडा लागतो.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारीला आळा बसला ते बरंच झालं. आमच्या बंदुकीचं काम मात्र बदललं. डुक्कर मारायचं तर परवानगी हवी, म्हणून आबा हवेत बार काढून कळप पळवू लागले. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची. निवडणूक कापणीच्या तोंडावर आली, तर त्या वर्षी पत्र्याचे डबे वाजवत बसायचं.

2019 साली आबा गेले. मी तीस वर्षं मुंबईत नोकरी करून तेव्हा नुकताच गावी परतलो होतो. नियमाप्रमाणे बंदूक जमा करावी लागली. तिचे तीन तुकडे तेल लावून, त्याच गोणपाटात गुंडाळून मी ठाण्यात नेले. धाकटा भाऊ म्हणाला, "देऊन टाक कायमची. कशाला हवी झंझट?"

मी वारस म्हणून अर्ज केला. तिथल्या कारकुनाने सरळ विचारलं, "काका, पीकसंरक्षण म्हणताय, पण पीक कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. आमचा मळा सहा वर्षं पडीक होता. लोक म्हणतात डुकरांनी शेती सोडायला लावली. ते खरंच आहे. पण आमच्या मळ्यात डुकरं माजली ती आम्ही निघून गेल्यावर, हेही खोटं नाही. राखणारा माणूस आधी गेला. बंदूक नंतर गेली.

यंदा मी खालचे दोन कुणगे लावले आहेत. अर्ज अजून चौकशीत आहे. रात्री जेवून मी बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन मळ्यात जातो. खाली काही सळसळलं, की डबा वाजवण्याआधी हाक मारतो, "कोण आसा रे थय?"