मॅट्रिकच्या तयारीची नव्वद वर्षे

18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा शिकवणे हे त्याचे काम नव्हते. 1854 च्या वुड यांच्या खलित्यानुसार लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेली ही संस्था महाविद्यालयांना संलग्न करून घेणारी, परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी होती. महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आधी या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागे. ‘मॅट्रिक्युलेशन’ या तिच्या नावाचा मूळ अर्थ नोंदवहीत नाव दाखल करणे एवढाच होता. मराठी बोलण्यात मात्र त्याचे ‘मॅट्रिक’ झाले आणि दाखल होण्यापेक्षा पार पडण्याचा अर्थच त्याला अधिक चिकटला. शिकवणारा शिक्षक परीक्षा घेत नसे आणि परीक्षा घेणाऱ्याला विद्यार्थी ठाऊक नसे, ही या व्यवस्थेची मुख्य खूण होती, आणि अभ्यासाहून निराळी अशी ‘परीक्षेची तयारी’ मराठी मुलखात रुजली ती याच अंतरामुळे.

1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली, तेव्हा उत्तीर्णांची संख्या जेमतेम वीस-बावीस होती. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि 1862 मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांतही हे दोघे, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांच्यासह, होतेच. या पहिल्या पिढीला अनुकरणासाठी आधीचा कोणी परीक्षार्थी नव्हता. पुढच्या पिढ्यांना मात्र जुन्या प्रश्नपत्रिका, ठरावीक पुस्तके आणि ‘यंदा काय येणार’ याचे आडाखे अशी हळूहळू वाढत गेलेली सामग्री वारशाने मिळाली.

या सामग्रीचा गाभा भाषेचा होता. गणित, इतिहास, भूगोल हे विषय होतेच, पण ते इंग्रजीतून समजून घ्यायचे आणि इंग्रजीतूनच लिहायचे असल्यामुळे सारा अभ्यास भाषांतराच्या सरावावर उभा राही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या घरोघर टिकली त्याचे मोठे कारण हेच आहे. इंग्रजीच्या जोडीला घ्यावयाच्या दुसऱ्या भाषेत संस्कृतचे वजन मोठे होते आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या शिष्यवृत्तीने ते आणखी वाढले. मॅट्रिकला संस्कृतमध्ये सर्वोच्च ठरणाऱ्याला मिळणारी ही ‘शंकरशेट’ त्या विद्यार्थ्याइतकीच त्याच्या शाळेची आणि शिक्षकाची कीर्ती मानली जाई. 1912 मध्ये मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख यांच्या चरित्रात तिचा उल्लेख अजूनही अगत्याने येतो. भांडारकरांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली संस्कृतची पहिली व दुसरी पुस्तके आणि वामन शिवराम आपटे यांचे 1881 चे संस्कृत रचनेवरील मार्गदर्शक पुस्तक हे या तयारीचे सर्वांत मोलाचे फळ मानावे लागेल. परीक्षार्थी समोर ठेवून लिहिलेली पुस्तके परीक्षेबरोबर विस्मरणात जातात, असा सामान्य अनुभव असताना ही पुस्तके ती परीक्षा बंद झाल्यावरही वापरात राहिली, याचे श्रेय त्यांच्या लेखकांनी परीक्षेच्या पलीकडची भाषा शिकवली याला आहे.

हेच आपटे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी 1880 मध्ये काढलेल्या या शाळेला सरकारी शाळांशी बरोबरी सिद्ध करायची होती आणि त्यासाठी सर्वांना पटेल असे एकच माप उपलब्ध होते, ते म्हणजे मॅट्रिकचा निकाल. स्वदेशी शिक्षणाचा ध्येयवाद विद्यापीठाच्या परीक्षेतील यशाने मोजला जावा, ही त्या काळाची अडचण होती. मुलींच्या बाबतीत ती आणखी कठीण झाली, कारण 1884 मध्ये सुरू झालेल्या हुजूरपागेच्या शाळेत मुलींना मुलग्यांसारखाच अभ्यास द्यावा की नाही, यावर पुण्याच्या वृत्तपत्रांतून तीव्र वाद झाला.

मॅट्रिक उत्तीर्ण होणे ही सरकारी नोकरीच्या वाटेवरचीही पायरी ठरल्यामुळे, महाविद्यालयात कधीच न जाणारे असंख्य विद्यार्थीही प्रवेशपरीक्षेचीच तयारी करीत. 1882 मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाचे दोन फाटे करावेत, एक विद्यापीठाकडे नेणारा आणि दुसरा व्यवहारोपयोगी, असे सुचविले. पण मॅट्रिकची प्रतिष्ठा त्यामुळे कमी झाली नाही. याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी मूलभूत आक्षेप मांडला, की शिक्षणावरचा सरकारी खर्च कष्टकरी रयतेच्या पैशातून होतो आणि लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो.

हा आक्षेप किती खरा होता हे भीमराव आंबेडकर यांच्या मॅट्रिकच्या वर्षांवरून कळते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा हा विद्यार्थी परळच्या चाळीत एका खोलीत राहत होता, आणि त्याच खोलीत स्वयंपाक, सामान व सारे कुटुंब होते. संध्याकाळी लवकर झोपायचे आणि वडिलांनी रात्री दोन वाजता उठवल्यावर, घर निजलेले असताना, दिव्याच्या उजेडात अभ्यास करायचा, असा क्रम वडील रामजी सुभेदार यांनी लावून दिला. त्यासाठी ते स्वतः तोवर जागत. ज्या भाषेभोवती मॅट्रिकची सर्वांत मोठी प्रतिष्ठा गुंफलेली होती ती संस्कृत अस्पृश्य मानलेल्या मुलाला शिकायला मिळाली नाही, म्हणून त्याला फारसी घ्यावी लागली. शिष्यवृत्ती गुणवत्तेला मिळते असे म्हणताना त्या विषयाच्या वर्गाचे दार कोणाला उघडे होते, हे विसरता येत नाही. 1907 मध्ये ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका परीक्षेच्या निकालासाठी सभा भरवावी लागणे, यातच त्या तयारीचे सामाजिक मोल स्पष्ट होते.

शाळांनीही तयारीची शिस्त बसवली. विद्यापीठाच्या परीक्षेआधी शाळेत पूर्वपरीक्षा होई आणि तीत मागे पडलेल्या मुलाचा फॉर्म मुख्याध्यापक अडवून धरी, कारण नापासांचा आकडा शाळेच्या नावावर पडे. त्यामुळे दुबळ्या विद्यार्थ्याला शिकवण्याऐवजी त्याला थांबवणेच शाळेला सोयीचे वाटू लागले.

1948 च्या कायद्याने मुंबई राज्यात शालान्त परीक्षा मंडळ निर्माण झाले आणि विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस. एस. सी. ने घेतली. घरात मात्र जुनेच नाव चालू राहिले. अकरावीच्या वर्गाला ‘मॅट्रिकचा वर्ग’ म्हणणारी माणसे 1975 मध्ये दहावी हीच शालान्त ठरेपर्यंत, आणि त्यानंतरही, होती.