काकाजींच्या मुलखातून : पु. ल. देशपांडे आणि दूरचित्रवाणी

नर्मदेच्या १३१२ किलोमीटरांच्या प्रवाहात नेमावर हे तिचे नाभिस्थान मानले जाते. उत्तर तीरावर सिद्धनाथाचे परमारकालीन देवालय उभे आहे आणि समोर दक्षिण तीरावर हंडिया आहे. दक्षिणेतून माळव्यात जाणाऱ्या जुन्या वाटांपैकी एक येथेच नदी ओलांडते. अठराव्या शतकात होळकर व पवार यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, कीर्तनकार आणि गवई अशा मराठी कुटुंबांचा एक संसारच माळव्यात येऊन स्थिरावला. विसाव्या शतकाच्या आरंभी होळकर संस्थानात असलेले नेमावर आज देवास जिल्ह्यात मोडते. या मुलखातील मराठी माणसाची बोली मराठी वाङ्मयात कायमची नोंदविली गेली, ती मात्र माळव्यातल्या लेखकाच्या हातून नव्हे. ते काम मुंबईत जन्मलेल्या एका विनोदकाराने केले. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी' या १९५७ च्या नाटकातील काकाजी देवासकर हे इंदूरचे. त्यांचे आडनाव देवासचे आणि त्यांच्या मराठीला हिंदीची व माळवीची सढळ फोडणी. त्यांच्या दिलदार रसिकतेसमोर आचार्यांचे कोरडे व्रतस्थपण कसे उघडे पडते, हाच त्या नाटकाचा गाभा होय.

पुलंचा आणि देवासचा संबंध नाटकापुरता नव्हता. बेळगावनजीकच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला आले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. पुलं त्यांचे जिवलग स्नेही. या स्नेहामुळे माळव्याची मराठी त्यांच्या कानावर प्रत्यक्ष पडत होती. काकाजींचे बोलणे केवळ कल्पनेने रचलेले वाटत नाही, याचे एक कारण हे असावे.

पुलंची नाटके व पुस्तके सर्वश्रुत आहेत. त्यांचे दूरचित्रवाणीशी असलेले नाते मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी जन्मलेल्या पुलंनी १९५५ साली आकाशवाणीची नोकरी पत्करली. पुढे दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडमध्ये बी. बी. सी. कडे पाठविण्यात आले. त्या प्रवासाचे फळ म्हणजे १९६० साली प्रसिद्ध झालेले 'अपूर्वाई'. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ झाला, तेव्हा त्या नव्या माध्यमाची ओळख असलेली जी थोडी माणसे देशात होती, त्यांत पुलं होते. या माध्यमावर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो.

परंतु मराठी भाषेसाठी या माध्यमाचे दार उघडण्यास पुढे तेरा वर्षे लागली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तोपर्यंत पुलं सरकारी चाकरी सोडून स्वतंत्र झाले होते. १९५८ साली पुस्तकरूपाने आलेली 'बटाट्याची चाळ' त्यांनी १९६१ पासून एकट्याने रंगमंचावर उभी केली होती आणि पाठोपाठ 'वाऱ्यावरची वरात' निघाली होती. त्यामुळे छोट्या पडद्यावरील त्यांचे जे उत्तम काम आज पाहावयास मिळते, ते अधिकारी पुलंचे नसून नट पुलंचे आहे. रंगमंचावर मुरलेली कला मागाहून कॅमेऱ्याने टिपली, असा हा क्रम आहे.

मुंबई दूरदर्शनने कृष्णधवल काळात टिपलेली 'वाऱ्यावरची वरात' या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सलग कथानक नसलेली, सुट्या प्रसंगांची ही माळ आहे. तीतील 'एका रविवारची सकाळ' हा प्रवेश मध्यमवर्गीय घरातला. आठवड्याची एक सुटी, ती शांतपणे घालवावी एवढीच घरधन्याची अपेक्षा, आणि एकामागून एक येणारे लोक ती पार धुळीस मिळवितात. या प्रवेशात कोणी खलपुरुष नाही. जो तो आपापल्या परीने सज्जनच आहे, आणि हसू उद्भवते ते सज्जनांच्या गर्दीतून. 'साक्षीदार' या प्रवेशात न्यायालयाची घोटीव भाषा आणि साध्या माणसाची बोली समोरासमोर येतात. कायद्याच्या प्रश्नाला आयुष्याचे उत्तर मिळू लागते आणि वकिलाची पंचाईत होते. या ठिकाणी कॅमेऱ्याचा उपयोग कळतो. नाट्यगृहातील विसाव्या रांगेला जे दिसत नाही, ते येथे दिसते. वाक्य संपल्यावर क्षणभर थांबणारी नजर, समोरच्याचे बोलणे ऐकताना चेहऱ्यावर पसरत जाणारा भाबडेपणा, किंचित उंचावलेली भुवई यांवर पुलंचा अर्धा विनोद उभा आहे, आणि छापील पुस्तकात तो सापडणे शक्य नाही.

'बटाट्याची चाळ'चे चित्रण त्याहूनही अधिक मोलाचे आहे. धुळा नामा बटाटे यांच्या चाळीतील साठ बिऱ्हाडे एका माणसाच्या देहातून बोलू लागतात. सोकरजी त्रिलोकेकर, अण्णा पावशे, एच. मंगेशराव, काशीनाथ नाडकर्णी, जनोबा रेगे, बाबूकाका खरे, आचार्य बाबा बर्वे, ही नुसती नावे वाचली तरी गिरगावातील एका जिन्यावर किती मुलखांच्या बोली एकत्र नांदत होत्या, हे ध्यानात येते. घाटावरची मराठी, पाठारे प्रभूंची मराठी, कोकणी मातृभाषा असलेल्या माणसाची मराठी, यांतील सूक्ष्म भेद पुलंच्या कंठाने जपले. त्यांच्या मातुल घराण्याचा वारसाही येथे आठवावा. त्यांचे आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे 'ऋग्वेदी', यांनी आर्यांच्या सणांचा इतिहास लिहिला आणि रवींद्रनाथांची गीतांजली अभंगरूपाने मराठीत आणली. सणवार, देवघर आणि ओसरीवरच्या गप्पा यांचे पुलंचे ज्ञान घरातलेच होते.

आमच्या वाचकांना या प्रयोगाची घडण परिचित वाटेल. नारदीय कीर्तनात एकच बुवा उभा राहतो. त्याच्याच मुखाने राजा बोलतो, दासी बोलते, देवही बोलतो, आणि हसवीत हसवीत तो श्रोत्यांना शेवटच्या गंभीर स्थानी आणून सोडतो. 'बटाट्याची चाळ' हा असाच लौकिक कीर्तनाचा प्रकार आहे. 'उपवास'मध्ये आहारावर चाळकऱ्यांच्या परस्परविरोधी उपदेशांचा मारा होतो. 'भ्रमणमंडळ' पुण्याला जाऊन येते. 'गच्चीसह झालीच पाहिजे'मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा सगळा थाट एका गच्चीसाठी मांडला जातो. हा झाला पूर्वरंग. अखेरीस 'चिंतन' येते. तेथे चाळीचे सरलेले दिवस, गेलेली माणसे आणि तुटत चाललेले शेजार यांचे स्मरण होते, आणि इतका वेळ हसणारी मंडळी एकाएकी गप्प होतात. हा भाग वाचताना जितका हृद्य वाटतो, त्याहून पुलंच्या तोंडून ऐकताना अधिक वाटतो, कारण ज्या आवाजाने हसविले, तोच आवाज येथे खाली उतरतो.

या चित्रणांत उणिवा आहेत, हे मान्य केले पाहिजे. मुळात ते रंगमंचाचे प्रयोग. कॅमेरा बहुधा एका जागी बसून पाहतो, आणि प्रेक्षागृहाशी चालणारी नटाची देवघेव पडद्यावर निम्मीच पोचते. दूरचित्रवाणीसाठीच लिहिलेली मालिका पुलंकडून आली असती, तर या माध्यमाचे त्यांना मिळालेले शिक्षण पूर्णपणे उपयोगास आले असते, असेही वाटून जाते. तथापि जे आहे त्याचे मोल यामुळे घटत नाही.

ते मोल कळण्यासाठी इंग्लंडकडे पाहावे. जेथे पुलं शिकले, त्याच बी. बी. सी. ने त्या काळी जुन्या कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. पीटर कुक व डडली मूर या विनोदकारांच्या १९६४ ते १९७० या काळातील 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' या कार्यक्रमाचा मोठा भाग असाच नाहीसा झाला. छापलेला शब्द कोठेतरी उरतो. पुसलेला चेहरा परत येत नाही. पुलंचे प्रयोग पाहावयास उरले, ही मराठी भाषेची मोठी मिळकत होय.

१२ जून २००० रोजी पुण्यात पुलंचे निधन झाले. त्यांच्या चाळीतील बिऱ्हाडे आता पांगली आहेत. इकडे माळव्यातील मराठी घरांत मुले हिंदीत शिकतात. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. अशा घरात पुस्तक उघडले जाईलच, असे नाही. परंतु पडद्यावरचा माणूस बोलू लागला की मूल थांबून ऐकते, आणि हसण्यासाठी का होईना, ती भाषा त्याला समजून घ्यावी लागते. उत्सवाच्या दिवशी देवळाच्या सभामंडपात कीर्तनानंतरचा एखादा तास या चित्रणांना द्यावा. गोव्यातही, जेथे मराठी आणि कोकणी एकाच ओसरीवर बसतात, मंगेशराव आणि रेगे यांची बोली ऐकून वडीलधाऱ्यांना आपल्या घरातील कोणीतरी आठवेल. भाषा टिकविण्याचे ठराव सभांतून पुष्कळ होतात. ती टिकते मात्र ती बोलताना माणसांना आनंद होतो म्हणून, आणि हा आनंद पुलंनी आपल्यासाठी साठवून ठेवला आहे.