वृद्धांच्या कंठातील धर्मगीते

देवळातील गायनाचा वृत्तांत लिहू जाता बहुधा गायनमंडळ, पेटी, व्हायोलिन आणि सणाच्या थोर मिस्सा यांचीच कथा लिहिली जाते. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही धर्मबंधुभगिनींचे लक्ष तिच्या एका उपेक्षित अंगाकडे वेधू इच्छितो. ज्यांचे बालपण सरले, ज्यांस अक्षरओळख नव्हती, अशा प्रौढ व वृद्ध जनांस गाणे कसे शिकविले गेले, हा तो विषय होय.

याचा आरंभ गोव्यातील साष्टी प्रांतात शोधावा लागतो. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते 1579 साली गोव्यास उतरले व 1619 मध्ये तेथेच दिवंगत झाले. मुलांस धर्मशिक्षण देणे त्यांस कठीण नव्हते, कारण मुलाचे मन कोऱ्या पाटीसारखे असते. परंतु नवख्रिस्ती झालेल्या वयस्क माणसाचे काय? त्याने जन्मभर पुराणे ऐकिली, ओव्या म्हटल्या. आता ते सर्व सोडावे अशी आज्ञा झाली, आणि त्याच्या ओठांवर ठेवावयास नवे असे काहीच मिळाले नाही. पूर्वीच्या पुराणांच्या जागी आम्हांस एखादे पुराण द्या, ही मागणी एका ब्राह्मणाने पाद्रीबाबांपाशी केल्याचा प्रसंग 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच्या भागात वर्णिला आहे. ही केवळ ग्रंथाची मागणी नव्हे, हरवलेल्या गाण्याची मागणी होती, असे आम्हांस वाटते.

1616 साली राचोल येथे ते पुराण छापून निघाले. सुमारे 11,000 ओव्यांचा हा ग्रंथ देवळांत मिस्सेनंतर आदितवारी व सणावारी म्हटला जात असे. स्टीफन्स यांनी ओवी निवडली यात त्यांची खरी गुरुदृष्टी दिसते. तीन चरणांस यमक आणि चौथा चरण आखूड. पहिला चरण कानी पडला की पुढच्याचा शेवट वृद्धासही आपोआप सुचतो, व आखूड चरणाशी दम घेता येतो. पुस्तक हाती नसले तरी चालते. जात्यावर बसणारीस तर हे वळण नवे नव्हतेच.

पुढे 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून पोर्तुगीज धरावी असा हुकूम काढला. त्या राज्यात पुराणाचे गायन मंदावले. मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांनी मात्र हस्तलिखिते जतन केली, म्हणूनच 1907 साली जोसेफ साल्ढाणा यांना ते पुन्हा छापता आले.

इकडे मिस्सेचे गायन लॅटिनमध्येच चाले. पोप दहावे पायस यांनी 1903 साली, गायन हे केवळ मंडळाचे न राहता सर्व भाविकांचे व्हावे, असा आदेश दिला. 'मिस्सा दे आंजेलिस' सारखी चाल अनेक देवळांत शेतकरी, कोळी, आजीबाई सारेच म्हणत. अर्थ कळे थोडका. पण शब्द व स्वर आईबापांकडून कानाने उतरलेले, म्हणून पक्के.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले आणि लवकरच वेदीवर मराठी आली. हा लाभ केवढा थोर, हे सांगणे नलगे. तथापि ज्यांचे केस पिकले होते, त्यांचे पाठ असलेले गाणे एकाएकी निरुपयोगी ठरले. परिषदेने लॅटिन टाकावयास सांगितले नव्हते. भाविकांस आपल्या वाट्याची उत्तरे लॅटिनमध्येही गाता यावीत असेच तिचे वचन आहे, आणि पोप सहावे पौल यांनी 1974 साली सोप्या लॅटिन गीतांची पुस्तिका बिशपांकडे धाडिली होती. तरी गावोगावी घाई झाली, व कित्येक वृद्ध मागच्या बाकांवर मूक बसले.

त्यांस पुन्हा गाते करण्याची रीत काही गूढ नाही. वय झाले की स्त्रीचा आवाज खाली उतरतो, श्वास आखूड होतो. म्हणून पट्टी उतरवावी व लांब ओळ मध्ये तोडावी. कान प्रथम उंच स्वरांस मुकतात, त्यामुळे व्यंजने नीट ऐकू येत नाहीत. तेव्हा शिकविणाऱ्याने त्यांच्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असे, एकेक ओळ म्हणावी. मोठ्या अक्षरांचा कागद द्यावा, आणि चुकणाऱ्या आजोबांस चारचौघांत नाव घेऊन कदापि टोकू नये. (सांप्रत तरुण मंडळी ध्वनिक्षेपकावर इतक्या चढ्या पट्टीत व द्रुत लयीत गातात की, आम्हां मध्यमवयीनांचाही दम लागतो.)

आणखी एक काम उरले आहे. आमच्या वसई भागातील लग्नगीते वडीलधाऱ्या बायांच्या कंठात आहेत. त्यांतील शब्द कोणी टिपले तरी चाली कागदावर येत नाहीत. धर्मग्रामातील मुलामुलींनी संध्याकाळच्या जपमाळेनंतर त्यांच्यापाशी बसावे, पेटी त्यांच्याच पट्टीत लावावी, आणि एका बैठकीस एकच गीत, पुन्हापुन्हा म्हणवून, घ्यावे.